भेग भरायची नसते, मिटवायची असते

परवा भाचा गिटार घेऊन आला. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) मागे, हेडस्टॉक म्हणजे खुंट्यांचं डोकं झुकतो नेमकी तिथे मानेला भेग, आणि भेगेत दगडासारखं काहीतरी पांढरं. म्हणाला, "मामा, रील बघून केलं." ती रील मलाही तीन ग्रुपांवर आलीय : भेगेत खायचा सोडा भरा, वर सुपरग्लू सोडा, मागून दोन स्क्रू पिळा, तारा काढायची गरज नाही. पाच मिनिटांत मान नव्याहून भक्कम!

आधी सोडा, कारण डोकं त्यानेच फिरलं. सोडा आणि सुपरग्लू क्षणात कडक होतात, मान्य. नटची खाच जास्त खोल गेली तर कारागीरही हीच युक्ती करतात. पण तिथे तार नुसती टेकते. मानेच्या भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींत पूर्वीसारख्या बसाव्या लागतात. मध्ये ही पुट्टी घट्ट झाली की त्या पुन्हा भेटत नाहीत. वर लाकडाची छिद्रं बुजतात, म्हणजे नंतर चांगला गोंद लावला तरी तो धरणार कशाला? अ‍ॅसिटोनने सुपरग्लू सुटतो, पण पॉलिशही उतरतं. सुई आणि जुना टूथब्रश घेऊन अख्खी संध्याकाळ खरवडत बसलो.

तारा न काढता? अकूस्टिक गिटारच्या सहा लाइट, म्हणजे पातळ, तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. धडधाकट माणूस मानेला लोंबकळत असताना भेग मिटेल कशी?

स्क्रूने लाकूड तंतूंच्या रेषेत आणखी फाटतं, आतल्या ट्रस रॉडलाही (मान सरळ ठेवणारी लोखंडी सळई) धक्का लागू शकतो. त्यावर जास्त बोलत नाही.

"नव्याहून भक्कम" यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. अमेरिकेच्या वनोत्पादन प्रयोगशाळेची लाकडावरची हस्तपुस्तिका सांगते की तंतूंच्या कडेने नीट चिकटवलेला सांधा लाकडाइतका मजबूत होऊ शकतो. तंतूंची तोंडं समोरासमोर टेकवून केलेला मात्र कधीच पुरेसा होत नाही. म्हणून तंतूंच्या कडेकडेने गेलेली लांब, तिरकी भेग नुसत्या गोंदाने सांधते. आखूड, आडवी तुटली तर आतून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि ते काम कारागिराचंच.

भाच्याचं नशीब, भेग तिरकी निघाली. सुतारकामाचा पिवळा गोंद आतपर्यंत पोचवला, तीन क्लॅम्प आवळले. चोवीस तास तार लावायची नाही म्हणून बजावलंय. दुपारपासून त्याचे दोन फोन येऊन गेलेत.