मॅकवर दिसतो तोच खरा रंग? मग आमची मोरपंखी पत्रिका मळली कशी?

कोल्हापुरातल्या फोटोग्राफर-डिझायनर मंडळींच्या ग्रुपांवर लग्नसराई आली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘मॅकवर दिसतो तोच खरा रंग. विंडोजचा डिस्प्ले फसवतो, अक्षरं फुटतात. मॅकला कॅलिब्रेशनची (पडद्याचे रंग मोजून जुळवण्याची) गरजच नाही. छपाई बिघडवायची नसेल तर पीसी विका.’ राजारामपुरीत माझं डिझाइनचं दुकान आहे, आणि हा मेसेज वाचून गिऱ्हाईकही मला शिकवायला लागलंय. म्हणून बोलतो.

आधी रंग. एका लग्नपत्रिकेला मी झळझळीत मोरपंखी पार्श्वभूमी दिली होती. ऑफसेट छपाई यंत्रावरून आली ती मळकट निळी. ‘भावा, तुझ्या विंडोजनं घात केला,’ मित्र म्हणाला. म्हणून तीच फाइल त्याच्या मॅकबुकवर उघडली, तर तिथं मोर आणखीच नाचत होता! पडदा उजेडातून रंग दाखवतो आणि ऑफसेट चार शाईंतून. तसला मोरपंखी त्या चार शाईंच्या आवाक्यातच नाही. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय (मॅकवर कमांड-वाय) दाबलं असतं, तर छपाईत रंग किती फिका उतरेल ते पडद्यावरच दिसलं असतं. दाबलं नाही, ही चूक माझी.

‘पीसीवर फोटो गडद दिसतो’ यात एके काळी तथ्य होतं. मॅकचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतील ते ठरवणारा आकडा; मोठा तितका गडद) १.८, विंडोजचा २.२. पण मॅकच्या २००९ च्या स्नो लेपर्ड आवृत्तीपासून अ‍ॅपलनंच २.२ धरला. मेसेज लिहिणाऱ्याला ही खबर अजून पोचलेली दिसत नाही.

कॅलिब्रेशनचं म्हणाल तर मॅकबुकचा पडदा कारखान्यातून चांगला जुळवून येतो, मान्य. मॅक मिनीबरोबर मात्र पडदाच येत नाही. जोडाल तो मॉनिटर, दिसतील ते रंग. आणि ट्रू टोन चालू ठेवून रंग ‘दुरुस्त’ करत बसलेले महाभाग मी पाहिलेत. खोलीतल्या दिव्यानुसार पडदा पिवळा पडतो, आणि हे फोटोतला पिवळा कमी करतात.

अक्षरं? मॅकच्या दाट पिक्सेलच्या ‘रेटिना’ पडद्यावर सुरेखच. २०१२ च्या पंधरा इंची रेटिना मॅकबुक प्रोवर इंचाला २२० पिक्सेल होते, ही करामत पडद्याच्या दाटीची. साध्या फुल एचडी मॉनिटरला मॅक जोडा आणि आपले अनुस्वार-रफार बघा. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अ‍ॅपलनं सबपिक्सेल स्मूदिंग (पिक्सेलच्या लाल-हिरव्या-निळ्या भागांतून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) बंद केलं. विंडोजमध्ये तेच काम करणारं क्लिअरटाइप अजून आहे.

एक गोष्ट मात्र मॅकच्या पदरात टाकावीच लागेल. जास्त रंग दाखवणारा वाइड गॅमट मॉनिटर विंडोजला लावला की फोटोशॉप रंगाचं प्रोफाइल (रंग नेमका कसा दाखवायचा याची नोंद) पाळतं, पण कित्येक किरकोळ अ‍ॅप्स पाळत नाहीत. नवरीचा चेहरा टोमॅटो होतो. मॅक हे सिस्टिमपातळीवरच सांभाळतो.

पीसी मी विकलेला नाही. कॅलिब्रेटर घेतला, ब्राइटनेस निम्म्यावर आणला, आणि प्रूफ ट्यूबलाइटखाली न बघता दुकानाच्या पायरीवर नेऊन बघतो. त्या पत्रिका तेवढ्या पदरच्या पैशानं पुन्हा छापून दिल्या. मरून रंगात.