चुकलेला आकडा वहीत राहू द्या

ताईचा फोन आला की पाच मिनिटांत विषय भाचीच्या नववीवर येतो. या वेळी वाद प्रयोगवहीचा होता. परळच्या तिच्या शाळेतल्या पालकसभेत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, स्मार्ट टीव्हीवर प्रयोग स्वच्छ दिसतो, साठ मुलांना प्रयोगशाळेत नेऊन तास कशाला घालवायचा? बाकीचे म्हणाले, दहावीला ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात. ते २० सगळ्यांनाच मिळतात, मग प्रयोग बंदच करा. "तुमच्याकडे कसं असतं गं?" ताईने विचारलं.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका माध्यमिक शाळेत लॅब टेक्निशियन आहे. ट्रॉल्या मांडणं, वजनं मोजून ठेवणं हे माझं रोजचं काम. इथेही सगळं आलबेल नाही. २०१६ पासूनच्या जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेत, प्रयोगाला वेगळे गुण नाहीत. लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. त्यामुळे ती उत्तरं घोकणारी मुलं इथेही आहेत. लाइट गेट, म्हणजे ट्रॉली प्रकाशकिरणातून गेली की वेळ टिपणारं यंत्र, लावलं की त्वरणाचा, म्हणजे वेग किती झपाट्याने वाढतो याचा, आकडा थेट पडद्यावर येतो, आणि तो आला कुठून हे पुष्कळांना कळत नाही.

पण माझ्या शाळेत चुकलेला आकडा वहीत राहतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा प्रयोग घ्या: वस्तुमान तेच असेल तर बल जितक्या पट, त्वरणही तितक्या पट. टेबलावर फळी, फळीवर ट्रॉली, तिला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजनं. बल वाढवत जायचं आणि त्वरण मोजायचं. आलेखाची सरळ रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. पहिल्या खेपेला बहुतेकांची जात नाही. थोडं बल लावूनही ट्रॉली हलतच नाही, कारण घर्षण. मग घर्षण भरून काढायला फळीचं एक टोक किंचित उचलायचं, हलका धक्का दिल्यावर ट्रॉली एकसारख्या वेगाने जाईल इतकंच. आणखी एक खोच आहे. टोकाला वाढवायचं वजन ट्रॉलीवरूनच उचलायचं, कारण लटकलेलं वजनही ट्रॉलीबरोबर पळत असतं आणि एकूण वस्तुमान बदलून चालत नाही. हे ज्या मुलीला स्वतःहून सुचतं, तिला नियम पाठ करावा लागत नाही. व्हिडिओतली ट्रॉली कधी अडखळतच नाही.

मुंबईतल्या माझ्या शाळेत माझे आकडे वेगळे आले होते. ते लाल शाईने खोडले गेले आणि मी शेजारणीचं जर्नल उतरवलं. वेगळे का आले, हे कुणी विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

साधनं नाहीत, हे मला पटत नाही. खेळण्यातली गाडी, दोरा, लोखंडी वॉशर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. स्थिर गाडीला पहिला १ मीटर जायला २ सेकंद लागले, तर त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. बोट ०.२ सेकंद चुकलं की उत्तर सुमारे २० टक्क्यांनी बिघडतं. या बिघाडावर बोलण्यात तास गेला तर तो सत्कारणी लागला. विज्ञान कसं शिकवावं यावरच काम करणारं, १९७४ साली सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. मुंबईच्या शिक्षकांना ते लांब नाही. साठ मुलांची अडचण मात्र खरी आहे, माझ्या वर्गांत तीसच असतात. तरी सहा-सहांचे दहा गट करून एका तासात एक प्रयोग होतो. आणि ते २० गुण काढू नका; चूक कुठे झाली हे नीट लिहिणाऱ्याला द्या.

भाचीला मी एक काम दिलं होतं. कोनमापकाला दोरा, दोऱ्याला नट, आणि ताईबरोबर दुपारच्या रिकाम्या लोकलने परळ ते शीव. गाडी सुटताना दोरा ३ अंश मागे कलला, तर त्वरण साधारण ०.५. तिला तीन स्टेशनांवर २, ५ आणि ३ अंश मिळाले. "मावशी, बरोबर कुठला?" मी सांगितलं नाही. ५ अंशांच्या वेळी शेजारच्या बाईंचा धक्का लागला होता, हे तिने आपणहून खाली लिहिलंय. ते पान जर्नलला लावू का, असं ती सोमवारी शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारणार आहे.