हिडन फील्ड म्हणजे सुरक्षित फील्ड नव्हे

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये संबंधित मॉडेलच्या, म्हणजे दुसऱ्या नोंदीशी जोडलेल्या नोंदीच्या, फॉर्ममध्ये मूळ नोंदीचा (उदा. मालकाच्या खात्याचा) आयडी हिडन फील्डमध्ये ठेवला की तो कुणाला बदलता येत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि धोकादायकही. हिडन म्हणजे फक्त पानावर न दिसणारं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून तो आयडी कुणीही बदलू शकतं. मग एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्याला चिकटते. सीएसआरएफ टोकनही (दुसऱ्या साइटवरून तुमच्या नावाने खोटी विनंती येऊ नये म्हणून फॉर्मसोबत जाणारा गुप्त कोड) हे थांबवत नाही, त्याचं काम वेगळं.

जँगोमध्ये ते आयडीचं फील्ड फॉर्ममधून वगळाच. सेव्ह करताना कमिट फॉल्स (commit=False, म्हणजे नोंद तयार होते पण लगेच डेटाबेसमध्ये जात नाही) द्या, मालक सर्व्हरवर लॉगिनवरून ठरवा, मग सेव्ह करा.

मात्र इनलाइन फॉर्मसेटमधली (एका मूळ नोंदीला जोडलेल्या अनेक नोंदींचे एकत्र फॉर्म) मॅनेजमेंट फॉर्मची, म्हणजे किती फॉर्म आहेत याचा हिशेब ठेवणाऱ्या भागाची, हिडन फील्ड काढू नका. त्यांच्याशिवाय फॉर्मसेट वैध ठरत नाही.