नळाची किंमत सेलच्या आदल्या रात्री वाढत नाही

दसरा जवळ आला की घराच्या कामाबद्दलचा एक संदेश सोसायटीच्या गटांत फिरू लागतो. मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, मुद्दे तेच राहतात. दुकानदार सेलच्या आधी किंमत वाढवून ठेवतात आणि मग तेवढीच कमी करून दाखवतात. ४० टक्के सूट म्हणजे माल दुय्यम किंवा बनावट. अशा मालाला गॅरंटी नसते. दिलेली सूट वरून जीएसटी लावून वसूल करतात. म्हणून रंग, टाइल्स, नळ, प्लाय, सगळं आपल्या मिस्त्रीमार्फत घ्या, तोच खरा भाव.

सूर सावध माणसाचा आहे, त्यामुळे तो पटतो. सेलच्या फलकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, इतकंच म्हणायचं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता. पण पैसे कुठे जातात ते या संदेशात भलत्याच जागी दाखवलंय.

‘सेलच्या आधी किंमत वाढवतात’

रंगाची बादली, नळाचा खोका, वायरचं बंडल, टाइल्सचा बॉक्स यांवर एमआरपी छापतो उत्पादक. माल बाहेरचा असेल तर आयातदार. २०११ च्या आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंच्या नियमांनुसार दुकानदाराला त्यावर वाढीव किमतीचं स्टिकर चिकटवता येत नाही. किंमत कमी केल्याचं स्टिकर चालतं, तेही मूळ आकडा झाकणार नाही असं. कर बदलतात तेव्हा, उदाहरणार्थ २०१७ साली जीएसटी आला तेव्हा, सरकारने सुधारित किमती लावायला ठरावीक मुदत दिली होती. असे प्रसंग सोडले तर कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला १,२०० चा नळ आठवडाभर आधी २,००० चा करून ठेवतो, हे चित्र बरोबर नाही. तो नळ कारखान्यातून निघाला तेव्हाच त्याच्यावर २,००० छापलेलं होतं. गोम अशी की २,००० ला तो कोणी घेतच नव्हतं.

एमआरपी सरकार ठरवतं असा एक समज आहे. काही औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं, ते खरं. नळाच्या बाबतीत सरकार एवढंच म्हणतं की एक आकडा छापा, त्यात सगळे कर धरा आणि त्याच्या वर विकू नका. तो आकडा किती असावा हे कंपनीच्या हातात. मग कंपनी तो ऐसपैस छापते. त्यात वाहतूक आली, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा आला, ठेकेदाराला द्यायची सूट आली आणि आपली घासाघीसही आली. छापील आणि विक्रीच्या किमतीत अंतर जितकं मोठं, तितकं दुकानदाराला गिऱ्हाइकाला खूश करणं सोपं.

सिमेंटची गोणी बघा. तिच्यावरही किंमत छापलेली असते आणि दुकानातला भाव बहुतेक वेळा त्याच्या खालीच असतो. पण ‘सिमेंटवर १५ टक्के सूट’ असा फलक कोणी लावत नाही, कारण घेणारा थेट विचारतो, आज गोणी कशी? नळाच्या दुकानात गेल्यावर तोच माणूस विचारतो, डिस्काउंट किती?

म्हणूनच टक्क्यांची तुलना फसवी ठरते. वायर, स्विच आणि बाथरूमच्या फिटिंगमध्ये छापील किमतीवर मोठी सूट वर्षभर मिळते. मुंबईत लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर कोणत्याही महिन्यात भाव विचारून पाहा. रंगात हे अंतर सहसा बरंच कमी असतं. त्यामुळे रंगावरची १० टक्के सूट घसघशीत असू शकते आणि नळावरची ३५ टक्के रोजचीच. एक कंपनी नळावर २,००० छापून ४० टक्के सोडते, दुसरी १,५०० छापून २० टक्के सोडते. गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्हीकडे १,२०० च जातात. फलक मात्र पहिल्याचा मोठा.

संदेशातला खरा अंश इथे मान्य करायला हवा. ऑनलाइन दुकानांत विक्रीची किंमत रोज खालीवर होते. सेलच्या आधी ती चढली आणि सेलमध्ये उतरली तर नियम मोडत नाही, छापील आकडा ओलांडला नाही म्हणजे झालं. युरोपीय संघात मे २०२२ पासून कायदा असा की सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे असा ३० दिवसांचा नियम नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एखादी वस्तू एरवी कोणत्या किमतीला विकली जाते याबद्दल दिशाभूल करणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. पण ती सिद्ध करायला आधीची किंमत दाखवावी लागते, आणि ती आपण लिहून ठेवत नाही. बाथरूमचं काम काढायचं ठरलं की हव्या त्या मॉडेल क्रमांकांचे त्या दिवशीचे भाव फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. महिन्याभराने सेल लागला की ताडून बघता येतं.

‘४० टक्के सूट म्हणजे बनावट माल’

वरचं गणित कळलं की या मुद्द्यातली बरीचशी हवा जाते. ४० टक्के कमी करूनही दुकानदाराला सुटतात, कारण त्याची खरेदी त्याहून खालची असते.

टाइल्सच्या बाबतीत मात्र जरा थांबायला हवं. तिथे मोठी सूट बहुतेक वेळा खरी असते आणि तरीही महाग पडू शकते. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या मालात एका डिझाइनचे वेगवेगळे लॉट असतात. बॉक्सवर बॅच आणि शेड क्रमांक असतो. एका लॉटचे शेवटचे ४०-५० बॉक्स उरले की दुकानदाराला ते काढायचेच असतात, कारण नव्या लॉटशी त्यांची छटा जुळत नाही आणि गोदामातली जागा अडते. इथे सूट खरी, माल खरा. अडचण पुढे येते. कापताना तुकडे वाया जातात, दोन-चार टाइल्स फुटतात, पाच वर्षांनी प्लंबर पाइपसाठी फरशी फोडतो, आणि तोवर तो लॉट जगात उरलेला नसतो. असा माल घ्यायचा तर मोजणीपेक्षा दहाएक टक्के जास्त घेऊन माळ्यावर टाकावा. मग सूट किती उरली, ते बघावं. बॉक्सवर प्रीमियम लिहिलंय की कमर्शियल, हेही वाचावं. कडा वाकलेला कमर्शियल माल स्वस्त असतो तो त्याच्या लायकीनेच. त्याला बनावट म्हणणं अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट, जिचा संदेशात उल्लेखच नाही. आपण ज्याला दोन बाय दोन म्हणतो ती टाइल असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जरा कमीच. चार टाइल्सचा बॉक्स भरतो साडेपंधरा चौरस फूट. तो १६ फूट धरून बिल केलं, तर हजार फुटांच्या बिलात तीसेक फुटांचे पैसे हवेचे जातात. सूट ५ टक्क्यांची असेल तर त्यातले ३ इथेच गेले. भाव फुटाचा नव्हे, बॉक्सचा विचारावा.

रंगातही मोजमाप बघावं. अडीचशे रुपये लिटरचा रंग दोन हातांत ९० चौरस फूट भिंत भरत असेल आणि साडेतीनशेचा १४० फूट, तर महाग दिसणारा रंग फुटाला अडीच रुपये पडतो आणि स्वस्त दिसणारा पावणेतीनच्याही वर. पेंटरची मजुरी दोन्हीकडे तेवढीच.

‘सेलच्या मालाला गॅरंटी नाही’

गॅरंटी कंपनीची असते आणि ती बिलाच्या तारखेवर चालते. सेलमध्ये घेतलं म्हणून ती संपत नाही. बिल नाही घेतलं तर मात्र पंचाईत. बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरायचं कारण नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याने अनुचित प्रथा आहे. घरी नेल्यावर रंग आवडला नाही, हा दोष नव्हे, हेही लक्षात असावं.

‘सूट देऊन वर जीएसटी लावतात’

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. त्या किमतीवर सूट जाहीर करून बिलात वेगळा कर चढवणं चुकीचं आहे. व्हॅटच्या काळातल्या अशाच एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला होता. कोणी असं करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पण प्रत्येक ‘प्लस जीएसटी’ ही लबाडी नसते. प्लाय, मोकळ्या भावाने विकलेला मार्बल, ठेकेदाराचं कोटेशन इथे भाव कराशिवाय सांगायचीच रीत आहे. एकाने फुटाला १०० अधिक १८ टक्के सांगितलं आणि दुसऱ्याने सगळं धरून ११५, तर दुसरा स्वस्त. एवढं विचारायला संकोच वाटतो म्हणून लोक पहिल्याकडे जातात.

‘मिस्त्रीमार्फत घ्या, तोच खरा भाव’

सगळ्यात जास्त पैसे जातात ते इथे, आणि संदेश ग्राहकाला नेमका इथेच आणून सोडतो.

रंगाच्या बादल्यांत पेंटरसाठी टोकन ठेवण्याची पद्धत जुनी आहे. आता अनेक ठिकाणी स्कॅन करायचा कोड असतो. त्याचे पैसे किंवा गुण पेंटरच्या खात्यात जमा होतात. प्लाय, लॅमिनेट, फिटिंगच्या दुकानांत सुताराचा किंवा प्लंबरचा टक्का धरलेला असतो. यात चोरी आहे असं मला वाटत नाही. माल ओळखणं, उचलून आणणं, कमी पडला तर पुन्हा धावणं, हे काम आहे आणि आपण त्याचे पैसे वेगळे देत नाही. शिवाय आपण मजुरीवर इतकी घासाघीस करतो की फरक कुठून तरी निघणारच. पण मग त्याला ‘खरा भाव’ म्हणू नये. कोणती कंपनी चांगली, हा मिस्त्रीचा सल्ला ऐकताना कोणत्या कंपनीचं टोकन जास्त, हा प्रश्न मनात असू द्यावा. सरळ मार्ग म्हणजे मजुरी नीट ठरवायची, माल आणायच्या फेऱ्यांचे पैसे उघड द्यायचे आणि खरेदी आपल्या नावाच्या बिलाने करायची.

प्लायमध्ये तर टक्क्यांना काही आधारच नसतो, कारण शीटवर बहुधा किंमत छापलेली नसते. ‘प्लायवर ३५ टक्के सूट’ वाचलं की पहिला प्रश्न, कशाच्या ३५ टक्के? दुकानाच्या स्वतःच्या यादीच्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शेजारच्या दोन दुकानांत याद्या वेगळ्या, टक्के वेगळे, आणि सूट वजा करून येणारा फुटाचा भाव जवळजवळ सारखा, असं सहज घडतं. तिथे विचारायचं ते फुटाचा निव्वळ भाव आणि माल कोणत्या भारतीय मानकाचा, आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा) की आयएस ७१० (पाण्यात टिकणारा, मरीन). मग शीटच्या कडेला पट्टी लावायची. १८ मिलिमीटर म्हणून दिलेली शीट १६ भरली, तर अकरा टक्के लाकूड आधीच गेलंय, आणि ते कोणत्याही फलकावर लिहिलेलं नसतं.