वस्तीतला मोफत कलावर्ग: रंगांआधी माणूस, जागा आणि वेळ

पुण्यात वस्तीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावरचा मोफत कलावर्ग काढायचा म्हटलं की आधी रंगपेट्या गोळा होतात. त्या सहज मिळतात. ठरल्या वेळी रोज कुलूप उघडणारं माणूस मिळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की देणगीतला मोठा वाटा शिकवणाऱ्या ताई-दादांच्या मानधनात जायला हवा. वर्ग मुलांना मोफत आहे म्हणून शिकवणाऱ्यानंही फुकट राबायचं, हे चालत नाही. कॉलेजच्या परीक्षा आल्या की स्वयंसेवक येईनासे होतात, आणि दोनदा कुलूप बघून परत गेलेली पोरं तिसऱ्यांदा फिरकत नाहीत.

वेळ ठरवण्याआधी वस्तीत नळाला पाणी कधी येतं ते विचारा. पाण्याच्या वेळेला वर्ग ठेवला तर मुली गळतात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका. कोपऱ्यात चटई, जुनी वर्तमानपत्रं आणि जाड खडू ठेवले की ते लेकरू रमतं, तिचं काम होतं.

समाजमंदिर मिळालं तर उत्तमच, पण तिथे बारसं-साखरपुडे असतात. मंडळाची खोली घेतली तर गणपतीच्या आधी ती सजावटीच्या सामानानं भरते. पर्यायी जागेची परवानगी जूनमध्येच लेखी घेऊन ठेवा.

सुरुवात चित्रकलेच्या कागदानं करण्यापेक्षा शाडूनं करावी. कोऱ्या कागदापुढे ‘मला येत नाही’ म्हणणारी मुलं मातीपुढे तसं म्हणत नाहीत. वीस मुलांना दहा किलो कोरडी शाडू पुरते. आदल्या रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी कणकेसारखी मळा. बोटाएवढी वळी करून वाकवून बघा. भेगा पडल्या तर पाणी कमी आहे, तळव्याला चिकटली तर जास्त. हत्तीची सोंड, माणसाचे हात वाळल्यावर गळून पडतात, कारण ते नुसते चिकटवलेले असतात. दोन्ही बाजू खराट्याच्या काडीनं खरवडायच्या, मातीचं दाट पाणी लावायचं आणि मगच जोडायचं. पोट भरीव ठेवलं की तडकतं, कारण बाहेरची माती आधी वाळून आकसते आणि आतली ओलीच राहते. म्हणून खालून कोरून जाडी बोटभर ठेवा आणि वस्तू सावलीत वाळू द्या, उन्हात नको. मोडलेलं पुन्हा बादलीत भिजवता येतं, मात्र रंगवलेलं टाकू नका, रंगानं सगळी माती खराब होते. हात बादलीतच धुवायचे. गाळ बसला की वरचं पाणी ओतायचं, तळाची माती परत वापरायची. मोरीत धुतले तर मोरी तुंबते आणि जागा हातची जाते.

पोस्टर कलर पाचच घ्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. हिरवा विकत आणूच नये, तो मुलांनी करावा. ब्रश चार आणि आठ नंबरचे गोल पुरतात. ते पाण्यात केसांवर उभे राहिले की कायमचे वाकतात. धुऊन आडवे वाळवा. कागद, ब्रश अप्पा बळवंत चौकात मिळतात, बादल्या-पत्र्याचे डबे बोहरी आळीत.

स्पर्धा पहिलं वर्षभर नकोच. बक्षीस मिळालेलं चित्र सगळे गिरवायला लागतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचं मात्र वेगळं आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि खाजगी क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांना इथे खरी मदत होते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्याबरोबर भूमिती आणि अक्षरलेखनही असतं, त्यामुळे कंपासपेट्या वर्गात हव्यात. फॉर्म शाळेमार्फत भरतात; शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना वर्ष सुरू होतानाच भेटा.

वर्गात कायम दोन मोठी माणसं असावीत. हजेरीवहीत प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर असावा, आणि कोणी तीन दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन विचारावं. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकू नका. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर वाळत ठेवलेल्या मातीकामाचा पाठवा.