प्रसूती रजा फक्त कायम कामगारांनाच?

प्रसूती रजेचा हक्क केवळ कायम सेवेतील महिलांना आहे, हे लेखातील विधान चुकीचे आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात अट घातली होती ती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केल्याची. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मी पॅकिंगला कंत्राटी कामावर असताना, सातव्या महिन्यात ‘बाळंतपण उरकून या, मग बघू’ असे सांगून माझे नाव हजेरीपटावरून काढण्यात आले, आणि हजेरीचा एकही कागद हाती नसल्याने ते ८० दिवस सिद्ध करणेच (खरी अडचण तीच) मला जमले नाही. लेखात त्याविषयी एक ओळही नाही.