लहान बॅरलमध्ये व्हिस्की लवकर रंगते, मुरत नाही

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: '२ लिटरचं ओकचं बॅरल आणा, त्यात कोणतीही कच्ची दारू ओता. मोठ्या बॅरलमधलं १ वर्ष म्हणजे लहान बॅरलमधला १ महिना, म्हणजे वर्षभरात घरच्या घरी १२ वर्षांची व्हिस्की तयार. जितकी जास्त ठेवाल तितकी भारी. आतला कोळसा सगळं विष शोषून घेतो. बॅरल आतून जितकं काळं तितकं चांगलं. आणि एकदा घेतलेलं बॅरल जन्मभर पुरतं.'

यात एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच बाकीच्या खपून जातात. लहान बॅरलमध्ये दारूच्या वाट्याला लाकूड जास्त येतं. किती जास्त, ते मोजता येतं.

'१ महिना म्हणजे १ वर्ष'

बर्बनचं (मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीचं) नेहमीचं बॅरल ५३ गॅलनचं, म्हणजे २०० लिटरचं. त्यात एका लिटरमागे साधारण ९५ चौरस सेंटिमीटर लाकूड येतं. बॅरलची ठेवण तीच राखून ते लहान करत गेलं तर हे प्रमाण घनमुळाच्या हिशेबाने वाढतं. २० लिटरला सुमारे २.२ पट, १० लिटरला २.७ पट, ५ लिटरला ३.४ पट, २ लिटरला ४.६ पट. बारा पट हवी असेल तर बॅरल जेमतेम ११५ मिलीचं लागेल. दोन लार्ज पेगही त्यात मावणार नाहीत.

पण ही पटदेखील अर्ध्याच कामाला लागू होते. बॅरलमध्ये दोन कामं चालतात. पहिलं, लाकडातलं दारूत उतरणं: भाजलेल्या लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास, भाजलेल्या हेमिसेल्युलोजमधून कॅरॅमलसारखा गोडसर स्वाद, ओकच्या लॅक्टोनमधून खोबऱ्याचा वास, आणि टॅनिनमधून तुरटपणा. हे काम लाकडाच्या क्षेत्रफळावर चालतं, म्हणून लहान बॅरलमध्ये ते झपाट्याने होतं. दुसरं काम म्हणजे मुरणं. कच्च्या स्पिरिटमधली (गाळून नुकत्याच निघालेल्या दारूमधली) गंधकयुक्त संयुगं, ज्यांना उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, ती काही कोळशात अडकतात, काही उडून जातात, काहींचं हळूहळू रूपांतर होतं. झिरपून आलेल्या ऑक्सिजनमुळे अल्कोहोलपासून आल्डिहाइड आणि आम्लं बनतात, आणि त्या आम्लांचा अल्कोहोलशी संयोग होऊन फळांच्या वासाचे एस्टर बनतात. या रासायनिक क्रिया बॅरलचा आकार बघून धावायला लागत नाहीत. कैरीच्या फोडी बारीक केल्या तर मीठ-तिखट लवकर लागतं, लोणचं मात्र आपल्याच वेळेने मुरतं.

हे कुणी करून पाहिलं नाही असंही नाही. केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीने २००६ मध्ये एकच बर्बन ५, १० आणि १५ गॅलनच्या (सुमारे १९, ३८ आणि ५७ लिटरच्या) बॅरलांत भरून मोठ्या बॅरलांसोबत मुरायला ठेवलं. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच हा प्रयोग फसल्याचं जाहीर केलं. गडद रंग आला, धुरकट कोळशाचा स्वाद आला, पण लाकडातला गोडवा आणि चवीची खोली आली नाही. त्यांचं सर्वांत लहान बॅरलसुद्धा या मजकुरातल्या बॅरलच्या जवळजवळ दसपट मोठं होतं. स्कॉटलंडच्या लाफ्रोएग डिस्टिलरीची 'क्वार्टर कास्क' ही व्हिस्की चांगली लागते, ती मात्र आधी बर्बनच्या जुन्या बॅरलांत वर्षानुवर्षं मुरते. १२५ लिटरच्या लहान पिंपात ती शेवटचे काही महिनेच जाते. लहान बॅरलचा खरा उपयोग हा असा, शेवटच्या फोडणीसारखा.

'जितकी जास्त ठेवाल तितकी भारी'

सर्वांत जास्त दारू या वाक्याने वाया जाते. नव्या २ लिटरच्या बॅरलमध्ये दीड-दोन महिने विसरलेली व्हिस्की दिसायला सुंदर, तांबूस काळपट असते. घोट घेतला की हिरड्या आवळतात, जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडी पडते आणि मागे ओल्या फळीचा वास राहतो. टॅनिन जास्त झालं की त्याला परतीची वाट नाही. साधं स्पिरिट मिसळून ते पातळ करणं एवढाच उपाय.

अंदाजासाठी वेळापत्रक असं धरा. नवं २ लिटरचं बॅरल: तिसऱ्या दिवशी पहिली चव, मग दर तीन दिवसांनी. बहुधा २ ते ४ आठवड्यांत काढावं लागतं. ५ लिटरचं: दर आठवड्याला चव, ४ ते ८ आठवडे. १० लिटरचं: दर पंधरवड्याला, ३ ते ५ महिने. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात यातला कमी आकडा धरा, ऑकलंडच्या हिवाळ्यात जास्तीचा.

चव घेताना बॅरलमधलं जसंच्या तसं तोंडात घेऊ नका. ५५ टक्के अल्कोहोलचं स्पिरिट जीभ बधिर करतं आणि तुरटपणा लपवतं. १० मिली काढा, तेवढंच पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, मग चाखा. दुसरी खूण वासाची. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळा. अल्कोहोल उडून गेल्यावर जे मागे राहतं ते लाकूड. व्हॅनिला-खोबरं आलं तर ठीक. फक्त रंधा मारल्यावरच्या भुश्शाचा वास आला तर लाकूड उतरलं आहे, मुरणं झालेलं नाही. अशा वेळी सगळं काढून काचेच्या बरणीत घाला, बरणी पाऊण भरा, आठवड्यातून एकदा झाकण उघडून पुन्हा लावा आणि अंधाऱ्या जागी तीन-चार महिने ठेवा. लाकडाची भर थांबते, हवेचं काम चालू राहतं. रंगावर कधीच जाऊ नका. बाजारातल्या अनेक व्हिस्कींचा रंग कॅरॅमल घालून आणलेला असतो.

आता वर्षभर ठेवण्याबद्दल. स्कॉटलंडमध्ये बॅरलमधून दरवर्षी साधारण २ टक्के उडून जातं. गोव्यात कुंकळ्ळीला, जिथे पॉल जॉन व्हिस्की बनते, हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत १० ते १२. हे सगळं मोठ्या बॅरलांचं. ८ टक्क्यांना वरच्या ४.६ ने गुणलं तर २ लिटरच्या बॅरलमधून वर्षाला एक तृतीयांशाहून जास्त उडतं. लहान बॅरलच्या फळ्या पातळ असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी. क्षेत्रफळाच्या हिशेबाने १२ वर्षांची बरोबरी करायला अडीच वर्षं लागतील. तोवर तळाशी काळा, कडू काढा तेवढा उरेल. हवेत ओलावा असेल तर पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि दारू सौम्य होत जाते. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि ती तीव्र होत जाते. म्हणून पावसाळ्यात किनारपट्टीवर ४२.८ टक्क्यांची बाटलीतली व्हिस्की बॅरलमध्ये ओतणं हा तोट्याचा व्यवहार.

'कोणतीही दारू ओता, कोळसा विष शोषतो'

इथे फक्त चव बिघडत नाही, जीव जाऊ शकतो. जळक्या ओकचा थर गंधकयुक्त संयुगं काही प्रमाणात पकडतो, हे खरं. मिथेनॉल, म्हणजे विषारी प्रकारचं अल्कोहोल, तो पकडत नाही. मिथेनॉल अल्कोहोलसारखंच पाण्यात पूर्ण मिसळतं आणि बॅरलमध्ये जसं गेलं तसंच बाहेर येतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती दारू कितीही वर्षं ओकमध्ये ठेवली असती तरी विषच राहिली असती. जिचा उगम माहीत नाही अशी दारू बॅरलमध्ये घालू नये, आणि बॅरलबाहेरही पिऊ नये.

'घरची' या शब्दाबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे, तिथे हा छंद उघडपणे चालतो. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने परवान्याशिवाय घरी गाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हाच आहे. तेव्हा इथे बॅरलमध्ये जाणार ती दुकानातून बिलावर आणलेलीच.

कोणती आणावी? अमेरिकेत न मुरवलेली पांढरी व्हिस्की ६० टक्क्यांच्या पुढची मिळते, ती सर्वांत योग्य. बर्बनच्या नियमांत बॅरलमध्ये भरताना ६२.५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. लहान बॅरलसाठी ५५ पुरे. पाणी जास्त असेल तर टॅनिन आणि साखरा जास्त उतरतात, अल्कोहोल जास्त असेल तर लॅक्टोन. ५५ ला दोन्ही बेतात राहतात. ६३ टक्क्यांचं २ लिटर स्पिरिट ५५ वर आणायला सुमारे ३१० मिली पाणी लागतं (आरओचं किंवा डिस्टिल्ड, नळाचं नको). जे ३०० मिली बॅरलमध्ये मावणार नाही ते बाटलीत ठेवून द्या. महिन्याभराने बॅरलमधल्याशी ताडून बघायला त्याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही. आणि एवढ्या तीव्रतेच्या स्पिरिटची वाफ आपल्याकडच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. भरण्या-काढण्याचं काम गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब.

'आतून जितकं काळं तितकं चांगलं'

बॅरल आतून किती जाळलं याचे चार क्रमांक प्रचलित आहेत: १ म्हणजे साधारण १५ सेकंद, २ म्हणजे ३०, ३ म्हणजे ३५, ४ म्हणजे ५५. चौथ्यात लाकडाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. कोळसा गाळणीचं काम करतो. गोडवा आणि व्हॅनिला येतो त्याच्या खालच्या भाजलेल्या तपकिरी थरातून. पातळ फळीच्या लहान बॅरलला २ किंवा ३ क्रमांक पुरतो.

यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न कुणी विचारतच नाही. ओक कोणता? अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नलिका टायलोस नावाच्या पडद्यांनी बंद झालेल्या असतात, म्हणून त्याचं बॅरल पाणी धरतं. लाल ओकच्या नलिका उघड्या असतात, तो झिरपतो. साग सुचवणारेही भेटतात, पण सागात तेलकट द्रव्यं असतात आणि ती स्पिरिटमध्ये उतरतात. लाकूड कसं सुकवलं? उघड्यावर दीड-दोन वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या फळ्यांतला कडवटपणा बराच निघून गेलेला असतो, भट्टीत घाईने सुकवलेल्यांत तो तसाच राहतो. शेवटी बुचाच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. मॅट काळं, भेगाळलेलं दिसलं तर बरोबर. चकाकलं तर आत मेण किंवा वॉर्निश आहे. ते शोकेसमध्ये ठेवायचं बॅरल आहे, त्यात काही ओतू नका. बाहेरून जाड वॉर्निश फासलेलंही टाळा. आणि परवडत असेल तर २ ऐवजी ५ लिटरचं घ्या, चूक सुधारायला वेळ मिळतो.

'आणा आणि ओता'

कोरड्या बॅरलमध्ये थेट दारू ओतली की ती फळ्यांच्या सांध्यांतून जमिनीवर येते. आधी बॅरल उलटं करून सुटा कोळसा झटकून काढा, कोमट पाण्याने दोनदा विसळा. मग ६०-७० अंशांचं गरम पाणी काठोकाठ भरा आणि बॅरल परातीत ठेवा. पहिल्या दिवशी गळणारच, लाकूड फुगलं की थांबतं. रोज पाणी बदला. लाकडी तोटी वेगळ्या भांड्यात भिजवून मग ठोका, ती कोरडी ठोकली तर तडकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही थेंब येत असेल तर ती जागा पुसून कोरडी करा आणि मधमाशीचं मेण घासून दाबा. चार दिवसांपेक्षा जास्त पाणी ठेवलं तर ते आंबूस वास धरतं. साबण आणि ब्लीच कधीच नाही, लाकूड ते सोडत नाही.

भरताना नरसाळं स्टीलचं. गंजकं लोखंड टॅनिनला लागलं की शाईसारखा निळसर काळा डाग येतो आणि दारूतही उतरतो.

'जन्मभर पुरतं'

पहिल्या भरणीत लाकडाचा जोर इतका असतो की तिच्यातून चांगली व्हिस्की क्वचितच निघते. ती भरणी स्वस्त दारूला द्या, किंवा दोन आठवडे शेरी-पोर्ट ठेवून बॅरल शांत करा. गोव्यात पोर्ट म्हणून विकली जाणारी गोड वाईनही चालते, पण तीन आठवड्यांच्या पुढे नाही, उकाड्यात तिचं व्हिनेगर होतं. दुसऱ्या भरणीला पहिलीच्या दुप्पट वेळ द्या. तिसरी-चौथी भरणी खरी कामाची. लाकूड थकलेलं असतं, टॅनिन कमी उतरतं, म्हणून पाच-सहा महिने ठेवता येतं आणि तेवढ्यात थोडं मुरणंही होतं. पाचव्या-सहाव्यानंतर बॅरल फक्त हवा देतं, चव देत नाही.

दोन भरण्यांच्या मध्ये बॅरल रिकामं ठेवलं तर फळ्या आकसतात, पट्ट्या सैल पडतात आणि आत बुरशी धरते. काढल्या दिवशीच पुढची भरणी घाला. दारू हाताशी नसेल तर लिटरमागे २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, आणि पुन्हा वापरताना साध्या पाण्याने तीन-चार वेळा विसळून, एक रात्र पाणी ठेवून, वास घेऊन मगच दारू घाला. व्हिनेगरचा वास आला तर ते बॅरल व्हिनेगरसाठीच ठेवा, पुन्हा व्हिस्कीला वापरू नका.